सकाळी आठचं माप

तळवड्याहून चाकणकडे जाताना, मोठ्या रस्त्याच्या आत अर्ध्या किलोमीटरवर, पत्र्याच्या शेडच्या गर्दीत एक छोटं चॅपल होतं. गावात त्याला गोऱ्याचं देऊळ म्हणत. साहेबांच्या काळात तिथं सोजिरांचा दवाखाना होता आणि त्याला लागून हे बांधलं, एवढंच लोकांना माहीत होतं. दवाखान्याचा एक दगडही उरला नव्हता. साहेब गेले, जमीन फिरत फिरत गावातल्या एका शेतकरी घराकडे आली आणि त्या घराने चॅपलची कांद्याची वखार केली. उंच छप्पर, दोन्ही अंगांना उभ्या खिडक्या, वारा आरपार. कांद्याला याहून चांगली जागा मिळाली नसती. पुढे त्याच घरातल्या नातवाने मागच्या आवारात गाड्यांच्या सुट्या भागांचा छोटा कारखाना टाकला आणि चॅपलमध्ये तपासणीची खोली केली. त्या खोलीचा मी नऊ वर्षं इन्चार्ज होतो.

आमचं काम सांगायला सोपं आहे. कारखान्यात झालेला भाग ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही ते मोजायचं, असेल तर पास करायचा, नसेल तर लाल पेटीत टाकायचा. त्यासाठी खोलीला दोन गोष्टी लागतात. तापमान हलता कामा नये आणि जमीन हलता कामा नये. या पट्ट्यात दोन्ही मिळणं अवघड. दिवसभर कंटेनर जात असतात आणि पत्र्याच्या शेडमध्ये एसी धापा टाकतो. चॅपलच्या भिंती अडीच फूट जाड, काळ्या दगडाच्या, आणि पाया थेट खडकावर. निम्मा एसी त्या भिंतीच होत्या. जिथे पूर्वी वेदी असेल त्या दोन पायऱ्यांच्या उंचवट्यावर आम्ही मापाचं ग्रॅनाइटचं जड टेबल ठेवलं होतं. बाहेरून ट्रक गेला तरी टेबलावरच्या डायलचा काटा हलत नसे.

मी आलो त्याच आठवड्यात कुणी सांगितलं नसताना सगळी इमारत मोजून काढली. सवय वाईट. उत्तरेची भिंत दक्षिणेच्या भिंतीपेक्षा चार बोटं लांब निघाली. सहा खिडक्यांत दोन सारख्या नव्हत्या. छपराच्या सागवानी कैच्या पाच, त्यांतली मधली जरा डावीकडे सरकलेली. असा पीस माझ्यासमोर आला असता तर मी तो हातात धरल्याबरोबर लाल पेटीत टाकला असता. आणि तरी दाराशी उभं राहून पाहिलं की डोळ्याला कुठे खटकत नसे. सगळ्यात देखणी होती ती पूर्वेची भिंत. वर त्रिकोणी माथा, त्यात टोकदार कमानीची मोठी खिडकी, कमानीला तेरा दगड. प्रत्येक दगड आपापल्या जागेपुरता घडवलेला, सांध्यात चुना इतका बारीक की फट मोजायची माझी फीलर गेजची पाती जेमतेम जात असे. आम्ही मूळचे कोकणातले, लाल चिऱ्याच्या घरात वाढलेले. चिरा करवतीने कापता येतो. हा काळा दगड असा कापणाऱ्या माणसाबद्दल मला रोज थोडा मत्सर वाटायचा.

मला ती खोली फार आवडायची. घरी, पिंपळे सौदागरला, आठव्या मजल्यावर आमच्या भिंती इतक्या पातळ की मी शिंकलो तर शेजारचे ‘सर्दी झाली का’ म्हणून लिफ्टमध्ये विचारतात. बायको म्हणायची, तुम्हाला सुट्टीच्या दिवशी करमत नाही ते कंपनीसाठी नाही, त्या खोलीसाठी. खरं होतं. एकच खोड होती त्या खोलीला. हवा दमट झाली की भिंतींतून जुन्या कांद्याचा वास यायचा, आणि ऑडिटला आलेले साहेब लोक नाक वर करून कॅन्टीन जवळ आहे का असं विचारायचे.

नवव्या वर्षी ऑर्डरी कमी झाल्या. मालक, म्हणजे तोच नातू, वयाने माझ्यापेक्षा लहान, पण गावातलं मोठं घर, म्हणून आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. दादांनी एका वास्तुतज्ज्ञाला आणलं. तो होकायंत्र घेऊन आवारभर फिरला आणि चॅपलपाशी थांबला. कारखान्याचं सगळ्यात महत्त्वाचं काम या खोलीत चालतं आणि हिचं दार पश्चिमेला, हे त्याला पसंत पडलं नाही. दार पूर्वेला हवं होतं. चॅपल बांधणाऱ्यांनी वेदी पूर्वेला ठेवली म्हणून दार पश्चिमेला आलं. त्यांनाही पूर्वच शुभ वाटत होती, फक्त तिकडे तोंड करून बसायचं होतं, तिकडून आत यायचं नव्हतं. हे मी कुणाला बोललो नाही. दिवाळीनंतर शेडचं काम करणारा ठेकेदार ब्रेकर घेऊन आला आणि त्याने उंचवट्यावरचं टेबल बाजूला सरकवून मोठ्या खिडकीखालची भिंत फोडून दार काढलं. दार खिडकीइतकंच रुंद ठेवलं असतं तर कदाचित निभावलं असतं. मशिन आत न्यायला सोपं जावं म्हणून त्याने दोन्ही बाजूंना वीतभर जास्त फोडलं, आणि कमानीचे पाय नेमके तिथे टेकले होते. वर लोखंडी चॅनल टाकला, सिमेंटने सगळं लिंपलं. नव्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की समोर दहा फुटांवर शेजारच्या शेडचा पत्रा. दादांनी नारळ फोडला, आम्ही पेढे खाल्ले.

डिसेंबरात कमानीपासून वर माथ्याकडे जाणारी भेग दिसली. केसाएवढीच. दादांनी कुरुळीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. दगडाचं काम करणारा आसपास तेवढाच उरला होता, बाकी सगळे प्लास्टर आणि टाइल्सकडे गेलेले. त्याने भेगेवरून अंगठा फिरवला, खिशातून काचेचा बोटभर तुकडा काढला आणि म्हणाला, हा भेगेवर आडवा चिकटवून ठेवतो. भिंत हालली तर काच फुटेल, काच फुटली की मला निरोप धाडा.

मला हसू आलं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणाऱ्या खोलीला हा माणूस काचेचा तुकडा लावत होता. मी दादांना म्हटलं, काच नको, आपण मोजू. भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळेच्या दोन पिना बसवू आणि त्यांच्यातलं अंतर रोज व्हर्नियरने घेऊ. मिस्त्रीने खांदे उडवले आणि काच परत खिशात घातली. किती वाढलं की बोलवायचं, ते त्याला आकड्यात सांगता येईना, म्हणून तेही मीच ठरवलं. मिलिमीटरच्या शंभर भागांतले तीस. आमच्यात नुसतं तीस म्हणतात. पिनांमधलं अंतर तीसने वाढलं तर मिस्त्रीला बोलवायचं. दादा तिथेच उभे होते.

“ह्ये बघा साहेब,” ते म्हणाले, “दार काय आता बंद व्हायचं न्हाई. भित हालतीय असं निगालं तर आमी सगळंच पाडणार. महिन्यात शेड हुबी राहती. तवा तुमी सांगा, हालतीय का न्हाई.”

त्या दिवसापासून चॅपल राहणार की जाणार हे माझ्या हातातल्या व्हर्नियरवर होतं.

नवीन रजिस्टर घातलं. पहिल्या पानावर मी स्वतः लिहिलं: ‘माप रोज सकाळी आठ वाजता.’ आठ यासाठी की तेव्हा भिंत रात्रभर निवलेली असते, ऊन लागलेलं नसतं, रोजची स्थिती सारखी. दगड तापला की फुगतो आणि भेग मिटते. निवला की ती उघडते. कधीही मोजलं तर आकड्यांना अर्थ राहत नाही. हे नवशिक्यालाही कळतं. लिहायची ती पहिल्या दिवसापासूनची वाढ. जानेवारीत माप सहा होतं, मग नऊ, मग चौदा. फेब्रुवारीच्या मध्यावर चोवीस.

आमच्या धंद्यात डेव्हिएशन नावाची एक सोय आहे. भाग ड्रॉइंगच्या बाहेर गेलाय, पण थोडाच. गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी आहे. पुन्हा करायला वेळ नाही. मग एक फॉर्म भरतात, कारण लिहितात, वरचा माणूस सही करतो आणि भाग डेव्हिएशनवर पास होतो. मी अशा सह्या सहसा देत नसे आणि त्याचा मला माज होता. प्रॉडक्शनवाले मला पाठीमागे शनी म्हणायचे, ते ऐकून मला बरंच वाटायचं.

चोवीस आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑडिटची गडबड होती, सकाळी आठला मला वेळ झाला नाही. मी बारा वाजता माप घेतलं. साडेदहाला ऊन शेजारच्या शेडवरून उतरून पूर्वेच्या भिंतीवर येतं, बाराला भिंत हाताला चटका देते. माप आलं अकरा. मी ते लिहिलं. वेळेचा रकाना रजिस्टरला नव्हताच. वेळ पहिल्या पानावर एकदाच लिहिलेली. त्याच्या पुढच्या दिवशी मला सकाळी आठला भरपूर वेळ होता. मी खुर्चीत बसून राहिलो आणि बाराला उठलो.

पुढे दोन महिने मी रोज बारालाच माप घेतलं. ऊन वाढत गेलं तशी भेग दुपारची जास्तच मिटत गेली आणि आकडे बारा, तेरा, बारा असे राहिले. मी एकही आकडा खोटा लिहिला नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मला ते पटलंसुद्धा. दादा आठवड्यातून एकदा दारातून डोकावून विचारायचे, मी रजिस्टर दाखवायचो, ते ‘झ्याक’ म्हणून जायचे.

एप्रिलात चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं आणि मी सहा दिवस गावी गेलो. खोलीत माझ्या हाताखाली एक इन्स्पेक्टर होती. मूळची लातूरकडची, डिप्लोमा केलेली, नवऱ्याबरोबर कुरुळीत राहायची. हात स्थिर, अक्षर सुरेख, बोलणं कमी. तीन वर्षांत तिचं एक माप मला दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नव्हतं. जाताना मी तिला चावी दिली, कामं सांगितली आणि भिंतीचं काही बोललो नाही. विसरलो म्हणायला जागा आहे, पण मी विसरलो नव्हतो. वाटलं होतं, नाही सांगितलं तर ती ते रजिस्टर उघडणारच नाही.

परत आलो तर रजिस्टरात सहा आकडे होते. सदतीस. अडतीस. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. माझ्या शेवटच्या बाराच्या खाली, तिच्या सुरेख अक्षरात.

ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “मी तर आठलाच बघितलं सर, पहिल्या पानावर लिहिल्यावानी. तीन-तीनदा घेतलं. रोज वाढायलंय. माझं चुकलं का काही?”

मी तिच्याकडे न बघता व्हर्नियर हातात घेतलं, उघडमीट केलं, झिरो तपासला. झिरो बरोबर होता. मग मी म्हणालो, “हो. पिना नीट पुसल्या नसशील. खोड ते.”

आमच्याकडे चुकलेला आकडा पुसायचा नसतो. त्याच्यावर लाल रेघ मारायची, आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी चुकणाऱ्याने सही करायची. तिने पट्टी घेतली, सहाच्या सहा आकड्यांवर सरळ रेघा मारल्या आणि सहा सह्या केल्या. हात तेव्हाही स्थिर होता. मला लाज वाटली. ती कुठे ठेवावी ते न कळून मी तिला चहा मागवू का विचारलं. ती नको म्हणाली.

त्यानंतर ती नव्या दाराने आत यायची बंद झाली. सगळे पूर्वेने येत, ती इमारतीला वळसा घालून पश्चिमेच्या जुन्या दाराने येई. ते दार अडगळीने निम्मं भरलेलं. तिथल्या पेट्या तिने स्वतः सरकवून अंगापुरती वाट केली होती. दादांनी एकदा थट्टेने विचारलं की बाईसाहेबांना पूर्व मानवत न्हाई का. ती फक्त हसली. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत होतं. तिचा तिच्या मापावर विश्वास होता. आणि खरं सांगायचं तर मलाही त्याच मापावर होता, पण मी मात्र रोज पूर्वेनेच ये-जा करत राहिलो. त्याला हिंमत म्हणायचं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जूनमध्ये आभाळ झाकोळलं, उकाडा उतरला, भिंत तापेनाशी झाली. आता बाराला मोजलं काय आणि आठला मोजलं काय, एकच. बाराला माप आलं अठ्ठावन्न. मी आकडा लिहिला आणि पेन हातात धरून बसलो. दादांना सांगायचं ठरवलं. दुपारच्या जेवणानंतर सांगू म्हणालो. दुपारी ते एका गिऱ्हाइकाकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाला सगळे बाहेर असताना कमानीतला डावीकडचा तिसरा दगड खाली आला. मोठा आवाज झाला नाही, कुणीतरी भरलेली गोणी टाकावी तसा झाला. दाराची नवी पायरी दुभंगली. पाच मिनिटं आधी त्या पायरीवरून चौघं चहाला गेले होते, त्यांतला एक मी.

दादा पांढरेफटक पडले. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी केली आणि मिस्त्रीला गाडी पाठवून आणवलं. त्याने बाहेरून पाहिलं, आतून पाहिलं, वर कैचीकडे पाहिलं. मग विचारलं, हे कधीपासून चाललंय. मी रजिस्टर पुढे केलं. त्याला आकडे वाचता येत होते की नाही मला माहीत नाही. त्याने ते उघडलंच नाही.

“फेब्रुवारीत जोर धरला,” मी म्हणालो.

“मंग तवाच बोलवायचं व्हतं,” तो म्हणाला. “दोन्ही अंगांनी दगडी पाय बसवलं असतं, वीत-वीतभर. दार तिथंच राहिलं असतं, जरा आरुंद झालं असतं येवढंच. आठ दिसांचं काम. आता हात लावाया जागा न्हाई.”

दार तिथंच राहिलं असतं. असं करता येतं का, हे डिसेंबरपासून आमच्यापैकी कुणी त्याला विचारलं नव्हतं. दादांनी सांगितलं की दार बंद होणार नाही, मी समजलो की दार किंवा चॅपल, दोन्हींतलं एकच. काचेचा तो तुकडा भेगेवर असता तर फेब्रुवारीतल्या एखाद्या गार सकाळी फुटला असता. काचेला बारा वाजेपर्यंत थांबता येत नाही.

भिंत उतरवली तेव्हा मी आवारातच होतो. आधी टेकू दिले, मग कौलं काढली, कैच्या एकेक करून दोराने खाली घेतल्या. सागवान अजून असं की करवतीला धार पुरेना. कमानीचे दगड मिस्त्रीने हाताने सुटे केले आणि एका रांगेत मांडून ठेवले. मी ते मोजले. बारा अख्खे, एक फुटलेला. त्यांवर घडवणाऱ्याच्या छिन्नीच्या खुणा आतल्या बाजूला तशाच होत्या, जिथे कुणाला कधी दिसणार नव्हत्या. मला रडू आलं. मी हेल्मेट काढून घाम पुसल्यासारखं केलं. महिन्याभरात तिथे शेड उभी राहिली. दार पूर्वेला आहे.

नव्या खोलीत सामान लावताना भिंतीचं रजिस्टर हाताला लागलं. ती ग्रॅनाइटचं टेबल पुसत होती, खोलीत आम्ही दोघंच. मी ते पान उघडलं आणि म्हणालो, “तुझं माप बरोबर होतं. सहाही दिवस.”

“ठाऊक हाय सर,” ती म्हणाली. फडकं बाजूला ठेवलं. “मंग खोडायला का लावलंत?”

इतक्या महिन्यांत मी बरीच कारणं तयार ठेवली होती. दगडाचं फुगणं, ऑडिट, दादांचा स्वभाव.

“मला ती खोली जायला नको होती.”

“खोली तर गेलीच की सर,” ती म्हणाली. “माझ्या सह्या राहिल्या.”

मी रजिस्टर जवळ ओढलं. तिच्या सहा लाल रेघांच्या शेजारी, अरुंद समासात, लिहिलं: ‘ही मापं बरोबर आहेत. खोडायला मी लावली. त्याआधी दोन महिने आणि त्यानंतर शेवटपर्यंत माप दुपारी बाराला घेतलं आहे.’ खाली सही केली, तारीख घातली. तिने वाकून वाचलं आणि तारखेपुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. तिथे मी वेळ लिहिली.